रंगाच्या खाली

[दृश्य : तळहातावर गोल पान, मत्स्यावतार]

तळहातात सहज मावणारं हे गोल पान गंजिफाचं, म्हणजे हातानं रंगवलेल्या पत्त्यांच्या जुन्या खेळाचं. त्यावर मत्स्यावतार : कमरेखाली मासा, वर मुकुट, हातात आयुधं. सावंतवाडीच्या राजवाड्यात आलेला माणूस हे पान बघतो, 'किती बारीक काम आहे!' म्हणतो, फोटो काढतो आणि लाकडी खेळण्यांच्या दुकानांकडे वळतो. काम बारीक आहेच. पण ते झालं सगळ्यात शेवटी.

[दृश्य : जुन्या पानाची झिजलेली कड, अगदी जवळून]

ही कड बघा. रंगाचा टवका उडालाय. त्याखाली पांढरा थर. त्याच्याही खाली, नीट पाहिलं तर, सुताची वीण. हे पान कापडाचं आहे. जुना गंजिफा असाच व्हायचा. सुती कापडाचे थर एकावर एक चिकटवायचे, आणि चिकटवायला चिंचोक्याची खळ.

[दृश्य : भाजलेले चिंचोके, पाटा-वरवंटा, चुलीवरचं भांडं]

चिंच खाऊन आपण चिंचोका थुंकून टाकतो. चिताऱ्याचं काम त्या चिंचोक्यापासून सुरू होतं. आधी भाजायचा, टरफल काढायचं, भिजत घालायचा, वाटायचा आणि मंद आचेवर शिजवायचा. ढवळणारा हात थांबला की गुठळी झालीच. ती गुठळी थरात राहिली तर पान तिथे फुगतं आणि वरच्या रंगाचा पोपडा निघतो. म्हणून खळ गाळून घ्यायची. मग ती कापडावर पसरायची, आत हवा राहू नये म्हणून मधून कडेकडे दाबत न्यायची आणि वर दुसरं कापड. हे सगळं ऊन बघून. पावसाळ्यात जिथे पापड वाळत नाहीत, तिथे खळ कुठली वाळायला?

कापड कडक झालं की त्यावर खडूच्या पुडीचं अस्तर. एक हात द्यायचा, तो वाळला की दुसरा. आणि मग घोटाई, म्हणजे दगडानं घासून अस्तर गुळगुळीत करणं.

[दृश्य : घोटाई. काही क्षण निवेदन नाही, फक्त दगडाचा आवाज]

सुरुवातीला खरखर येते. अस्तर बसत जातं तसा आवाजही बारीक होत जातो. कारागीर मध्येच थांबतो, पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरतो, चमक जिथे तुटते तिथे पुन्हा दगड फिरवतो. घोटाई कमी पडली तर अस्तर रंग पितं आणि रेघ फुटते. मत्स्याच्या भुवईची ती केसाएवढी रेघ ब्रशमुळे जेवढी उमटली, तेवढीच या दगडामुळे. चित्राखाली चित्रकाराचं नाव असतं. घोटणाऱ्याचं नाव मी तरी कुठे वाचलेलं नाही.

[दृश्य : पानाची पाठ, लाखेचा एकरंगी थर]

पाठीवर चित्र नाही, नुसती लाख. सोपं वाटतं. पण हे खेळायचे पत्ते आहेत. एका जरी पानाच्या पाठीला डाग राहिला, तर ते पान सगळ्यांना ओळखू येणार आणि डाव तिथेच मोडला. म्हणून 120 पाठी हुबेहूब सारख्या.

[दृश्य : मत्स्याची बाराही पानं ओळीनं]

होय, 120. दहा अवतार आणि प्रत्येकाची 12 पानं : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. एक ते दहा यांची बेरीज करा. नुसत्या मत्स्याच्या दहा पानांवर 55 मासे! तितकीच कासवं, तितकेच परशू. पूर्ण संचात 550 चिन्हं आणि शिवाय राजा-प्रधानांची 20 पानं. सातवा मासा पहिल्यापेक्षा जाड झालेला चालत नाही. खेळणाऱ्याला पान उचलताक्षणी सत्ती की अठ्ठी हे कळलं पाहिजे. त्यातून पहिल्या पाच अवतारांत दश्शी मोठी आणि पुढच्या पाचांत एक्का मोठा. दिवसा डाव रामापासून सुरू होतो, रात्री कृष्णापासून. खेळणारे तिघं, प्रत्येकाला 40 पानं. हे सगळं लक्षात ठेवून खेळणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं.

[दृश्य : मोती तलाव, राजवाडा, दरबार हॉल]

1527 साली बाबरानं सिंधमध्ये तिथला शासक शाह हसन याच्याकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. दरबारातला हा खेळ पुढे देशभर पसरला आणि पानांवर दशावतार आले. सावंतवाडीत गेल्या शतकात अशी वेळ आली होती, की हे काम जाणणारे म्हणून वयोवृद्ध पुंडलिक चितारीच काय ते उरले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ही कला शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. राणीसाहेब स्वतः ब्रश घेऊन बसत.

[दृश्य : कारागिरांचे हात, रंगांच्या वाट्या]

आजही याच हॉलमध्ये कारागीर मांडी घालून काम करताना दिसतात. आता पुठ्ठा तयार मिळतो, रंगही बहुतेक पोस्टर कलर. त्यात कमीपणा काही नाही. हात तोच आहे. फक्त खळ आणि घोटाई शिकवायची राहून जाते. त्यात छापील पत्ते स्वस्त, शिकायला येणारे मोजके आणि डाव मांडू शकणारे त्याहून मोजके.

[दृश्य : रंगवलेली पानं वाळताना, मग कोरी लाकडी पेटी]

पानं वाळली, मोजून झाली. आता उरली पेटी. ती सुताराकडून कोरी येते. तिच्या झाकणावरही दशावतार काढायचे असतात, त्यामुळे आधी अस्तर लावायचं आणि ते घोटून घ्यायचं. गिऱ्हाईक किंमत विचारतं ती पत्त्यांची. पेटी त्यात धरलेलीच असते.