एकाच माणसाची जागा

नमस्कार श्रोतेहो.

आजची हकीकत बेक वेदर्स यांची. अमेरिकेतल्या डॅलस शहरातले डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट. 1996 च्या मे महिन्यात, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते एव्हरेस्टवर गेले. शिखरावर ते पोहोचलेच नाहीत. आणि तरी पुढची कितीतरी वर्षं लोक त्यांना बोलवत राहिले, त्याच अर्ध्यावर राहिलेल्या चढाईबद्दल ऐकायला.

अडलं ते डोळ्यांमुळे. चष्मा जावा म्हणून त्यांनी डोळ्यांवर शस्त्रक्रिया करून घेतली होती, पुढच्या पारदर्शक पडद्यावर बारीक चिरा देण्याची, जुन्या पद्धतीची. आता दाब म्हणजे काय, हे घरात कुकर लावणाऱ्यांना मी काय सांगू! 8,000 मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो. तिथं प्राणवायू कमी पडतो, आणि तो चिरा दिलेला पडदा दगा देतो. वेदर्सना दिसेनासं झालं. पथकाचे प्रमुख रॉब हॉल त्यांना म्हणाले, मी परत येईपर्यंत इथून हलू नका. वेदर्स तासन्‌तास थांबले. हॉल आलेच नाहीत, ते वरच राहिले, कायमचे.

संध्याकाळी वेदर्स दुसऱ्यांबरोबर उतरायला लागले आणि वादळानं गाठलं. 10 मेची ती रात्र. त्या वादळानं आठ जणांचा बळी घेतला. त्यात पलीकडच्या, तिबेटच्या बाजूनं चढलेले आपल्या भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे तिघे होते, हे मला मुद्दाम सांगायचंय. 1996 म्हटलं की सगळे नेपाळच्या बाजूचंच बोलतात, आणि आपल्या माणसांना आपणच विसरतो.

सकाळी वेदर्स सापडले. शेजारी जपानच्या यासुको नाम्बा. दोघांच्या चेहऱ्यांवर बर्फ थापलेलं, दोघांचाही श्वास जेमतेम चालू. शोधायला आलेल्यांनी, त्यात एक डॉक्टरही होते, जड मनानं ठरवलं की हे दोघं आता वाचत नाहीत. त्यांना तिथंच ठेवून ते परतले. डॅलसला घरी निरोप गेला, बेक गेले.

आणि त्याच दिवशी दुपारी बेक उठले. उघडा पडलेला उजवा हात बर्फावर आपटून पाहिला, तो लाकडाच्या ठोकळ्यासारखा वाजला. बायको आणि दोन्ही मुलं डोळ्यांपुढे उभी राहिली, असं ते सांगतात. ते उठले आणि वाऱ्याला तोंड देत चालत तंबूंपाशी पोहोचले.

व्यासपीठावरची माणसं ही गोष्ट इथं थांबवतात आणि म्हणतात, पाहा, इच्छाशक्ती! मला ते पटत नाही. यासुको नाम्बा त्यांच्या शेजारीच होत्या. तेच वादळ, तीच थंडी. सातही खंडांची सर्वोच्च शिखरं त्यांनी पुरी केली होती, त्याच दिवशी, एव्हरेस्टवर. त्यांची इच्छाशक्ती कमी पडली असं कोण म्हणेल? त्या वाचल्या नाहीत. म्हणून म्हणतो, नुसत्या इच्छाशक्तीवर कुणी वाचत नाही.

वेदर्स स्वतःच्या भाषणांत शौर्यापेक्षा घराबद्दल जास्त बोलतात. डोंगरांच्या वेडापायी संसार मोडायला आला होता. पुढं उजवा हात कोपराखाली कापावा लागला, डाव्या हाताची सगळी बोटं गेली, नाक नव्यानं करावं लागलं. आणि हा माणूस म्हणतो, हात देऊन घरची माणसं परत मिळाली, सौदा मान्य आहे.

पण श्रोतेहो, माझी आवडती गोष्ट पुढेच आहे. किती वेळा सांगितली असेल, तरी सांगतो.

गोठलेल्या हातांचा, नीट न दिसणारा हा माणूस. चढाई सोडून आलेल्या गिर्यारोहकांनी त्याला पाऊलपाऊल धरून शेजारच्या ल्होत्से शिखराच्या कड्यावरून खाली आणलं. पुढं खुम्बूचा हिमप्रपात. भेगा, शिड्या, कधीही कोसळणारे बर्फाचे मनोरे. हातांशिवाय तो उतरणार कसा? हेलिकॉप्टर हवं. पण एवढ्या उंचीवर? पंख्याला रेटायला हवा तर हवी ना! तिकडे डॅलसला पीच, त्यांची पत्नी, फोनवर फोन करत होती.

काठमांडूत एक वैमानिक तयार झाला. नेपाळी सैन्यातले लेफ्टनंट कर्नल मदन खत्री छेत्री. हे नाव लक्षात ठेवा, मदन खत्री छेत्री.

13 मेची सकाळ. उंची सुमारे 6,000 मीटर. उतरायची जागा दिसावी म्हणून बर्फावर लाल सरबताच्या पावडरीनं मोठी फुली काढलेली. खालून आवाज आला. मदन आले, घिरट्या घातल्या, आणि पंख्याचा जोर तसाच ठेवून हेलिकॉप्टर बर्फाला कसंबसं टेकवलं. विरळ हवेत एकाच माणसाचं वजन पेलणार होतं. एकाच माणसाचं.

आणि नेमके त्याच वेळी तिथं तैवानचे मकालू गाऊ आणले गेले होते. त्यांचेही हातपाय गोठलेले, त्यांना तर चालताही येत नव्हतं.

बेक म्हणाले, आधी यांना न्या.

विचार करा. दोनदा मेला म्हणून सोडलेला माणूस. दोनदा, कारण तंबूत आणल्यावरही दुसऱ्या रात्री तो एकटाच पडला होता, सकाळपर्यंत टिकेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आणि जाणारं हेलिकॉप्टर परत येईल याची कसलीही खात्री नाही.

गाऊंना आत ठेवलं. हेलिकॉप्टर उचललं, कड्याआड गेलं. आवाज विरला. बेक त्या शांततेत बर्फावर उभे. पुढं हिमप्रपात, आणि कोपरापर्यंत मेलेला हात.

मग खालून तोच आवाज पुन्हा आला. मदन परत आले होते.

नमस्कार.