‘गेट’ आणि आपलं ‘लागणं’

मंडळी, नमस्कार.

मंडळाच्या मराठी शाळेत रविवारी मी लहान मुलांचा वर्ग घेते. गेल्या महिन्यात सात वर्षांचा एक मुलगा नाक पुसत आला आणि म्हणाला, “ताई, मला सर्दी मिळाली.” वर्गात कुणालाच त्यात काही खटकलं नाही. वाक्य कुठून आलं ते मला लगेच कळलं. ‘आय गॉट अ कोल्ड’. ‘गेट म्हणजे मिळणे’ हे आपण शाळेत घोकलं होतं, त्याने तेच उलट्या बाजूने केलं. तेव्हापासून हे क्रियापद डोक्यातून जात नाही, म्हणून आज त्याच्याविषयी बोलते.

अर्थांच्या संख्येत खरं तर ‘रन’ मोठं. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर त्या एका क्रियापदावर नऊ महिने बसले होते आणि त्याचे ६४५ अर्थ निघाले. पण रोजच्या बोलण्यात आपली गाडी अडते ती ‘गेट’पाशी. हा शब्द व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. त्याचं भावंड इंग्रजीत आधीपासून होतं, पण जोडशब्दांपुरतंच. ‘फरगेट’ त्यातलंच. हाती येणं आणि मनातून निसटणं, दोन्ही एकाच घरातली.

‘मिळणे’ हा त्याचा एक अर्थ झाला. मला वाटतं, त्याच्या मुळाशी पोचणं आहे, एका स्थितीतून दुसरीत जाणं. ‘इट इज डार्क’ म्हणजे अंधार आहे. ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडू लागलाय. आणि हे ‘लागलाय’ तोंडातून निघालं तेव्हा मीच थबकले, कारण आपलं ‘लागणं’ जवळजवळ तेच काम करतं. नोकरी लागली: गॉट अ जॉब. फोन लागला: गॉट थ्रू. कामाला लागा: गेट टू वर्क. छडा लागला: गॉट टू द बॉटम ऑफ इट. एखाद्या कामाला मुहूर्तच लागत नाही, तर ‘आय नेव्हर गेट अराउंड टू इट’. ‘मला जावं लागेल’ यातली सक्तीसुद्धा ‘आय हॅव गॉट टू गो’मध्ये आहे. मूल पडलं आणि आपण विचारतो, “लागलं का रे?” इंग्रजी आई विचारते, “डिड यू गेट हर्ट?” दोन दूरच्या भाषांनी एकेका साध्या क्रियापदावर इतका सारखा भार टाकावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अर्थात जोडी सगळीकडे जमत नाही. ‘गेट ओव्हर’ म्हणजे सावरणं. ‘गेटिंग बाय’ म्हणजे कसंबसं भागतंय. ‘ही गॉट अवे विथ इट’ला ‘त्याला ते पचलं’ याहून नेमकं मराठी मला सुचत नाही.

एका वापराकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तिथे आपली चूक हमखास होते. आपण मराठीत ‘मी केस कापले’ म्हणतो आणि न्हाव्याने कापले हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, कात्री तुमच्याच हातात होती. तिथे ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणायचं. गाडी दुरुस्त करून घेतली, छप्पर बदलून घेतलं, चष्मा बनवून घेतला: आपलं ‘करून घेणं’ जिथे जिथे येतं, तिथे तिथे हे ‘गेट’ बसवून पाहा.

‘गॉटन’बद्दलही बरेच जण विचारतात. ते अशुद्ध नाही. ते जुनं रूप आहे. ब्रिटनमध्ये ते बहुतेक मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. अमेरिकन माणूस ‘आय हॅव गॉट द टिकिट्स’ म्हणाला तर तिकिटं त्याच्याजवळ आहेत, आणि ‘आय हॅव गॉटन द टिकिट्स’ म्हणाला तर ती त्याने मिळवली आहेत. फरक बारीक आहे, पण कामाचा.

निबंधात ‘गेट’ टाळा, ‘ऑब्टेन’, ‘रिसीव्ह’ वापरा, असं शिक्षक सांगत. लिहिण्यापुरतं ते ठीक. बोलताना मात्र टाळू नका. कुणी मन मोकळं केल्यावर ‘आय अंडरस्टँड’ म्हणणं आणि ‘आय गेट इट’ म्हणणं यात फरक आहे. दुसऱ्यात ‘तुझं म्हणणं माझ्यापर्यंत पोचलं’ अशी जवळीक ऐकू येते.

आपल्यातल्या एका आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दुभाषी म्हणून मी त्यांच्यासोबत जात असे. व्यायाम करवून घेणारी मुलगी रोज त्यांचा पाय हळूहळू वाकवायची. एका दिवशी आजींच्या डोळ्यांत पाणी आलं, तशी ती त्यांचा हात धरून म्हणाली, “यू विल गेट देअर.” आजींनी माझ्याकडे पाहिलं. “कुठे जायचंय म्हणते गं ही?”

मी म्हटलं, “कुठे नाही, आजी. जमेल तुम्हाला, असं म्हणतेय.”

आजींनी डोळे पुसले आणि पाय पुन्हा पुढे केला.