सतरा रुपये सत्तर पैसे

नमस्कार श्रोतेहो.

बोलायला बसताना माझं जुनं पासबुक समोर घेऊन बसलेय. मधेच पानं फडफडली तर चालवून घ्या. तुमचंही कुठे साडीच्या घडीखाली, नाहीतर रेशनकार्डाच्या पिशवीत असेलच. सापडलं तर घ्या जवळ.

तालुक्याच्या गावी बँकेच्या काउंटरवर माझी सव्वीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट कायम पाहिली. पासबुकात एंट्री मारून दिली की माणूस शेवटचा आकडा बघतो, शिल्लक किती ते मनाशी म्हणतो आणि पासबुक मिटून चालू लागतो. मधल्या ओळी कुणी वाचत नाही. आणि बँक जे कापते ते सगळं मधल्या ओळींतच असतं.

त्या ओळी इंग्रजीत, त्यातही तोडलेल्या अक्षरांत. एएमसी, एएमबी, एसएमएस सीएचजी. अक्षरं नाही लागली तर सोडून द्या, आकडा बघा. आपण पैसे काढतो ते पाचशे, हजार, दोन हजार असे. बँकेच्या शुल्कावर मात्र १८ टक्के जीएसटी बसतो, म्हणून तो आकडा वेडावाकडा होतो. ११८ दिसले की समजा, शंभराचा चार्ज. २३६ म्हणजे दोनशेचा; वर्षातून एकदाच येत असेल तर बहुधा एटीएम कार्डाची वार्षिक फी. १७ रुपये ७० पैसे म्हणजे पंधरा रुपये आणि वर कर, बऱ्याचदा तीन महिन्यांच्या एसएमएसचे. २७ रुपये १४ पैसे म्हणजे एटीएमच्या मोफत फेऱ्या संपल्यावरचे २३ रुपये. मे २०२५ पासून बँकांना एवढे घेता येतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर नुसती शिल्लक बघितली तरी एक मोफत फेरी खर्ची पडते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

आता खरं सांगते. ते सतरा सत्तर माझ्या स्वतःच्या एका विसरलेल्या खात्यातून दोन वर्षं जात होते. काउंटरवर बसून मी लोकांना शहाणपण शिकवत होते तेव्हाच!

४३६ आणि २० हे दोन आकडे दिसले तर मात्र घाबरू नका. ते चार्ज नाहीत. मे अखेरीला कापले जाणारे हे विम्याचे हप्ते: जीवनज्योतीचे ४३६, सुरक्षा विम्याचे २०. पण दोन बँकांत खाती असतील आणि दोन्हीकडून ४३६ जात असतील तर एक हप्ता वायाच जातोय, कारण माणशी विमा दोन लाखांचाच मिळतो. एका बँकेत लेखी देऊन तो बंद करा.

खरा खड्डा आहे मिनिमम बॅलन्सचा, म्हणजे खात्यात कमीत कमी ठेवायच्या रकमेचा. ती कमी पडली की दंड. लोकांना वाटतं, तीन हजार ठेवायचे म्हणजे खातं तीन हजारांखाली कधी जाऊ द्यायचं नाही. पुष्कळ बँका बघतात ती महिन्याची सरासरी. रोज रात्री खात्यात जे उरलं त्याची बेरीज, भागिले दिवस. तीस दिवसांच्या महिन्यात तीन हजारांची सरासरी म्हणजे नव्वद हजारांची बेरीज. एखादीच्या खात्यात बारा हजार फक्त आठ दिवस राहिले, तरी बेरीज शहाण्णव हजार झाली. उरलेले बावीस दिवस खातं रिकामं असलं तरी ती सुटली. आणि जिनं महिनाभर इमानानं एकोणतीसशे ठेवले, ती अडकली. मला हा हिशोब कधीच न्यायाचा वाटला नाही, पण आहे तो असा आहे.

यावर रिझर्व्ह बँकेनं २०१४ च्या नोव्हेंबरात नियम घातला, तो १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. शिल्लक कमी पडली तर बँकेनं आधी कळवायचं, ती भरून काढायला महिनाभर द्यायचा, आणि मग दंड लावायचा तो जेवढे कमी पडले त्या प्रमाणात. नुसत्या दंडापायी खातं शून्याखाली न्यायचं नाही. दोन वर्षं काहीच व्यवहार न झाल्यानं निष्क्रिय झालेल्या खात्याला तर हा दंड लावायलाच बंदी आहे, आणि ते पुन्हा चालू करायला पैसे मागता येत नाहीत.

स्टेट बँकेनं बचत खात्यांवरचा हा दंड २०२० साली काढून टाकला. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा अशा काही सरकारी बँकांनीही तेच केलं. पण तुमचं खातं नेमकं कोणत्या प्रकारचं, ते विचारूनच खात्री करा.

माझ्या भाच्याचीच गोष्ट घ्या. पुण्यात नोकरी होती, पगाराचं खातं होतं, काही ठेवायची गरज नव्हती. नोकरी बदलली, नवीन कंपनीनं दुसऱ्या बँकेत खातं काढलं, जुनं तसंच राहिलं. काही महिने पगार आला नाही की असं खातं साधं बचत खातं होतं आणि मिनिमम बॅलन्सचा नियम लागू होतो. याच्या साडेचार हजारांचे दीड वर्षात शून्य झाले. मोबाइल नंबर बदललेला, मेसेज जाणार कुणाला?

आणि २०२४ चा ऑगस्ट आठवा. लाडक्या बहिणीचे पैसे खात्यात आले आणि काही बायकांच्या खात्यांतून बँकांनी जुने चार्ज त्यातूनच वळते केले. ओरड झाली, सरकारला बँकांना सांगावं लागलं की हे पैसे कापू नका. कित्येकींना आपल्या खात्यावर काही थकलंय याचा पत्ताच नव्हता.

ज्यांच्या खात्यात पैसा टिकत नाही त्यांच्यासाठी दुसरं खातं आहे आणि ते मागितल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. मूलभूत बचत ठेव खातं. काउंटरवर 'बेसिक सेव्हिंग' म्हणा, 'झिरो बॅलन्स' म्हणा. २०१२ पासून प्रत्येक बँकेला ते द्यावं लागतं, गरीब असल्याचा दाखला लागत नाही. शिल्लक शून्य चालते, एटीएम कार्डाला वार्षिक फी नाही, महिन्यात चार वेळा पैसे काढणं मोफत. अटी दोन: त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं नको, आणि दुसऱ्या बँकेत असंच मूलभूत खातं नको.

अर्ज दोन ओळींचा. 'माझे बचत खाते मूलभूत बचत ठेव खात्यात बदलून द्यावे.' खाली खाते क्रमांक, तारीख, सही. दोन प्रती काढा आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्या. समोरचा म्हणेल, राहू द्या हो, करतो आम्ही. तरी घ्या. चुकीच्या चार्जची तक्रारही अशीच लेखी द्यायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८. पुन्हा सांगते, एक चार चार चार आठ. आणि लोकपालाकडे गेलात तर ती पोच दाखवावी लागते.

नमस्कार.