ठेव आपली, सभा आपली, मग विचारायचं कुणी?

मंडळी, मंडळाच्या पोरांनी विचारलं की विषय काय ठेवायचा, मी म्हणलं पैशावर बोलतो. कारण वाळवा, पलूस, तासगाव कुठंही जावा, कोण कुठल्या पक्षात गेला हे बारक्या पोरालापण माहीत असतं, पण आपली ठेव आहे त्या संस्थेचं थकीत कर्ज किती हे विचारलं की सगळे गप्प.

माझ्या चुलत्यांचं सांगतो. हळदीला त्या साली सांगली मार्केटात दर चांगला मिळाला, बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का जास्त मिळतोय म्हणून सगळी रक्कम एका पतसंस्थेत टाकली. चेअरमन भावकीतले, मग बघायचं काय? पोरीचं लग्न ठरलं तेव्हा पैसे काढायला गेले तर आज या, सोमवारी या, वसुली आली की देतो. पावती अजून आहे, रेशनकार्डाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली, घडीवरची शाई उडून रकमेचा आकडापण धड वाचता येत नाही. लग्न सावकाराच्या पैशावर झालं.

आता हे नीट ऐका. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा असतो, मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत. १९९३ पासनं ही मर्यादा १ लाखच होती, मग सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, सुरुवातीला खातेदाराला फक्त १००० रुपये काढता येत होते, केवढा आक्रोश झाला, आणि त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासनं ५ लाख झाले. पण पतसंस्थेला हा विमा नाही. काउंटर तसंच, पासबुक तसंच, पिग्मी गोळा करणारा रोज दुकानात येणारा, त्यामुळं माणसाला वाटतं ही पण बँकच.

मग आपल्या हातात काय आहे? सभा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि तिथं शेअर्स १०० रुपयांचे असोत नाहीतर लाखाचे, मत एकच. पण होतं काय, पुढच्या खुर्च्यांवर ठरलेली माणसं, माइकवर विषय क्रमांक चार म्हणलं की मागनं मंजूर, मंजूर, पाच वाचायच्या आधीच मंजूर, आणि अर्ध्या तासात लोक जेवणाच्या रांगेत. अहवालाचं पुस्तक घरी जातं आणि चपात्या गुंडाळायला लागतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण सगळं त्या पुस्तकातच असतं, ऑडिट वर्ग अ मिळाला का क, थकबाकी मागच्या सालापेक्षा वाढली का. आणि संचालकांना आणि त्यांच्या घरच्यांना दिलेल्या कर्जाचा तपशील तर सभेपुढं मांडावाच लागतो, १९६० च्या सहकार कायद्यातच आहे ते, पण कुणी मागतच नाही.

संस्थेचं इलेक्शन लागलं की मात्र गल्लीत दोन पॅनेल, रात्रभर जीपगाड्या. मत देताना आपण बघतो हा आपल्या गटाचा का, पाव्हणा का. यानं पाच वर्षांत कर्ज कुणाला वाटलं हे बघत नाही. याच आपल्या सांगली जिल्ह्यात, तेव्हा सातारा जिल्हा होता हा, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात १९४३ पासनं गावोगाव न्यायनिवाडा लोकांनी स्वतः चालवला, इंग्रज असताना. त्या गावांना आज चेअरमनला एक प्रश्न विचारता येत नाही असं मी मानत नाही.

भीती आहे, मान्य. विचारलं तर पुढच्या वेळी कर्ज अडवतील, तोच गट कारखान्यात असला तर ऊसतोडीची टोळी शेवटी पाठवतील, तुरा येऊन वजन घटेल, तोटा कुणाचा? शेतकऱ्याचाच. ही भीती खोटी नाही म्हणून एकट्यानं उठून भांडू नका. सभासद असलेले दहा-बारा ठेवीदार मिळून लेखी अर्ज द्या, त्याच सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली सभासदाला ताळेबंद बघायचा हक्क आहे, फी भरून नकलापण मिळतात. अर्ज सभेच्या आधी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसकट पोच घ्या. क्लार्क म्हणेल साहेब नाहीत, उद्या या, तर तिथनं हलू नका, आवक नोंदवायला साहेब लागत नाहीत.