मुखपृष्ठावर सात, आत अडीच

मंडळी, विषय कॉमिक्सचा आहे म्हटल्यावर पुढच्या रांगेतले काही ज्येष्ठ मागे सरकलेले मी पाहिले. हरकत नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी लहानपणी पाठ्यपुस्तकात लपवून वेताळ, म्हणजे मुखवटेवाला फँटम, वाचलेला असणार. बेळगावात हे चारचौघांत कबूल करायला जरा वेळ लागतो, एवढंच.

बोलायचंय ते एकाच अंकाबद्दल. ३१ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्सने ‘जस्टिस लीग’ या सुपरहिरोंच्या संघटनेच्या मालिकेचा अंक पहिला काढला. पहिला म्हणजे नव्याने पहिला. या अंकापासून सुरुवात करून महिन्याभरात त्यांनी ५२ मालिका १ या आकड्यापासून बाजारात आणल्या. १९३८पासून चालत आलेलं सुपरमॅनचं ‘ॲक्शन कॉमिक्स’ ९०४व्या अंकाला थांबवलं आणि त्यालाही पुन्हा १. आता आपल्याला पाट्या बदलण्याचं काय कौतुक सांगायचं? २०१४च्या नोव्हेंबरात आपल्या गावाची सरकारी पाटी बदलली, आणि खडेबाजारातली गर्दी होती तिथेच राहिली. त्यामुळे आकडा बदलला म्हणून मी रागावलो नाही. तक्रार आतल्या पानांबद्दल आहे.

मुखपृष्ठ चित्रकार जिम लीचं. सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन, फ्लॅश, ग्रीन लँटर्न, ॲक्वामॅन, सायबॉर्ग असे सातही जण अंगावर धावून येतायत. चित्र झकासच आहे, त्यात वाद नाही. आता पान उलटा. बॅटमॅनच्या गॉथम शहरात पोलीस त्याच्या मागे, बॅटमॅन एका विचित्र प्राण्याच्या मागे. आकाशातून ग्रीन लँटर्न उतरतो आणि दोघांची हमरीतुमरी सुरू. तुझ्याकडे शक्ती कोणती, असं लँटर्न विचारत राहतो. याच्याकडे तर काहीच नाही हे कळल्यावर त्याला विश्वास बसत नाही. तेवढ्यात बॅटमॅनने लँटर्नच्या बोटातली, त्याची सारी शक्ती जिच्यात असते ती अंगठी कधी काढून घेतली, ते त्यालाही कळत नाही. हा प्रसंग मला फार आवडला. अख्ख्या अंकात लक्षात राहावं असं तेवढंच आहे.

पुढे? तो प्राणी स्फोट करून घेतो, मागे एक पेटी उरते. पेटी परग्रहावरची दिसते, सुपरमॅनही परग्रहावरचा म्हणतात, तेव्हा चला त्याच्या शहराला, मेट्रोपोलिसला. मध्येच व्हिक्टर स्टोन नावाच्या फुटबॉलपटूची काही पानं. तो अजून सायबॉर्ग झालेला नाही. मग शेवटच्या पानावर सुपरमॅन येऊन उभा राहतो, आणि अंक संपला. वंडर वुमन, फ्लॅश, ॲक्वामॅन यांची सावलीसुद्धा नाही. सात जणांच्या संघटनेची मालिका, आणि अंकात फार तर अडीच जण. किंमत ३.९९ डॉलर.

जुन्यांनी हे कसं केलं होतं? हीच जस्टिस लीग पहिल्यांदा आली १९६०मध्ये, ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’च्या २८व्या अंकात. संघटना आधीपासून आहे असंच धरून चालायचं. अंतराळातून स्टारो नावाचा अवाढव्य तारामासा येतो, मंडळी त्याच्याशी लढतात, आणि त्याच अंकात निकाल लागतो. गोष्ट बाळबोध आहे, पण पुरी आहे. दुसरं उदाहरण याहून बोलकं. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन १९६२मध्ये ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकात आला. एकंदर ११ पानं. तेवढ्यात कोळी चावतो, पोरगा टीव्हीवर चमकतो, समोरून पळणाऱ्या चोराला अडवत नाही, काकाचा खून होतो, आणि खुनी तोच चोर निघतो. ते मासिक त्याच अंकाने बंद पडलं. उद्याचा भरवसा नसलेल्या लेखकाला ‘क्रमशः’वर विसंबून चालत नाही.

२०११च्या लेखकाला, जेफ जॉन्सला, भरवसा पुरेपूर होता. पहिले सहा अंक एकत्र बांधून त्यांचं पुस्तक निघालं. म्हणजे आपण अंक समजून घेतला तो पुस्तकाचा एक षष्ठांश होता. शिवाय १ या आकड्याला खप असतो. १९९१मध्ये ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून जास्त प्रती दुकानांनी उचलल्या होत्या, चित्रकार हाच जिम ली, आणि मुखपृष्ठं पाच तऱ्हांची. त्यातल्या कितीतरी प्रती, भाव येईल या आशेवर, न वाचताच खोक्यात गेल्या. असा आकडा एकदा पाहिलेल्या धंद्याला पुन्हा पुन्हा अंक पहिला काढावासा वाटणारच.

आता वेताळाकडे या. ली फॉकने त्याला १९३६मध्ये जन्माला घातलं, आणि आपल्याकडे १९६४पासून इंद्रजाल कॉमिक्सने तो घरोघरी नेला. इंद्रजाल मराठीत निघायचं तसं कन्नडातही निघायचं. एकाच कट्ट्यावर दोन पोरं दोन भाषांत वाचतायत आणि चित्रं तीच, हे आपल्या भागात काही नवलाचं नव्हतं. तर हा वेताळ एकविसावा. बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो आणि जंगलाला वाटतं हा अमर आहे. दर पिढीला नवी सुरुवात, पण कवटीच्या गुहेत आधीच्या विसांच्या वह्या जपून ठेवलेल्या. पुसलं काहीच जात नाही. इकडे क्लार्क (म्हणजे सुपरमॅनच) आणि लॉइस यांचं १९९६मध्ये लागलेलं लग्न २०११मध्ये झालंच नव्हतं असं ठरलं. ज्या वाचकाने पंधरा वर्षं तो संसार पाहिला, त्याने करायचं काय?

(श्रोत्यांतून प्रश्न : एका अंकावरून एवढा कडक निकाल कशाला? पुढे चांगलं झालं असेल की.)

झालंच. सहा अंक सलग वाचले तर मजा येते, नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी दुकानातून घरी आलेल्या माणसाच्या हातात सहा अंक नव्हते, एकच होता. त्याच्या बाजूने बोलतोय मी. आणि प्रकाशकालाही हे कुठेतरी उमगलं असावं. ५२ अंकांनंतर, २०१६मध्ये, ‘ॲक्शन कॉमिक्स’वर ५३ आकडा आला नाही. जुने ९०४ त्यात मिळवले आणि ९५७वा अंक काढला. २०१८मध्ये हजारावा आला. २०११मध्ये काढून घेतलेली सुपरमॅनची लाल चड्डीही त्याच अंकात परत मिळाली.