दाराभोवतीचा रंग: पणजीतलं फोंताईन्हास

[दृश्य: सकाळ. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना रंगीत घरं.]

पणजीच्या आल्तिनो टेकडीच्या पायथ्याला फोंताईन्हास ही जुनी वस्ती आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इथे घरं होत गेली. १८४३ साली पोर्तुगीज गोव्याची राजधानी जुन्या गोव्याहून अधिकृतपणे पणजीला आली. इथली बरीच घरं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि त्यांची दारं थेट रस्त्यावर उघडतात. मध्ये अंगण नाही, फाटक नाही. पाहुण्याचं पहिलं स्वागत करतो तो दाराभोवतीचा रंग.

पिवळा, तांबडा, निळा. सबंध पांढरं घर मात्र क्वचितच. पोर्तुगीज अमदानीत पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे आणि पावसाळा सरला की दरवर्षी घर रंगवावं लागे, असं पणजीत सांगतात. गल्लीच्या टोकाचं सां सेबास्तियांवचं चॅपेल आजही पांढरंशुभ्र आहे.

[दृश्य: पोपडे सुटलेली भिंत, जवळून.]

दर्शनी भागाचा रंग ठरवताना शेड कार्ड नंतर उघडावं. आधी भिंतीवर हात ठेवावा. इथल्या जुन्या भिंती जांभ्या दगडाच्या, वरून चुन्याचा गिलावा. पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि भिंत तो पिऊन घेते. पाऊस थांबला की तिला ते पाणी बाहेर टाकायचं असतं. चुन्याचा रंग तिला ती वाट मोकळी ठेवतो. प्लास्टिक इमल्शन ती वाट अडवतं. मग फुगवटे येतात, पोपडे सुटतात. अशा भिंतीवर इमल्शन लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

[दृश्य: बादलीत चुना. त्यात पिवडी, म्हणजे पिवळी माती, कालवली जाते.]

चुन्यात सगळेच रंग टिकत नाहीत. गेरू टिकतो, पिवडी टिकते. दोन्ही लोहयुक्त माती. कपड्यांना घालतात ती निळीची पूडही टिकते. या गल्लीतले तीन मुख्य रंग ठरले ते बरेचसे या टिकाऊपणामुळे.

आता हा पट्टा बघा. भिंत आधी पाण्याने भिजवली, मग कुंच्याने पातळ हात मारला. ओला असताना पिवळा रंग हळदीसारखा गडद दिसतो, आणि खालची भिंतही आरपार दिसते. घरमालक इथेच घाबरतात, ‘फार भडक झालं’ म्हणतात. पण सुकता सुकता तो उजळत जातो, भिंत झाकतो आणि बराच फिका होऊन थांबतो. म्हणून दाराशेजारी हातभर तुकडा रंगवावा, पूर्ण सुकू द्यावा आणि सकाळी, दुपारी, दिव्याच्या उजेडात पाहावा. मगच होकार द्यावा.

उजेडाचंही तसंच. टेकडी पश्चिमेला असल्यामुळे फोंताईन्हासमध्ये दुपारनंतर सावली लवकर उतरते. सावलीत निळा रंग मलूल पडतो, पिवळा मात्र ऊबदार राहतो. गल्ली अरुंद असली तर समोरच्या घराचा रंगही आपल्या दारावर पडतो, तोही हिशोबात धरावा. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला दारामागचा अंधारा पॅसेज घ्या. तिथेही मी आधी पिवडीच्या जवळची छटा लावून बघेन.

[दृश्य: दाराची चौकट, भोवती पांढरी पट्टी.]

पांढरा रंग घराला नाही म्हटलं, पण दारं-खिडक्यांच्या कडांना तो आहे आणि तिथे तो काम करतो. भिंती जाड असल्याने चौकट खोल बसलेली असते. तिच्या दोन्ही बाजू पांढऱ्या केल्या की उजेड परतून आत जातो आणि उंबरा नीट दिसतो. खाली मात्र जोत्याला गेरूच बरा. पावसाच्या सरींनी तांबडी माती उडते, तिचे डाग त्यात मिसळून जातात.

हात मारायचा तो पावसाने पूर्ण उघडीप दिल्यावर, तळपतं ऊन टाळून. आधी शेवाळ खरवडायचं, मग पातळ थर एकावर एक. चौकटीची पांढरी पट्टी सगळ्यात शेवटी, बारीक ब्रशने.