सोनेगावहून मुंबई किती लांब?

मित्रहो, सोनेगाव म्हणजे आपल्या नागपूरचा विमानतळ असलेला भाग. प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर सांगणाऱ्यागणिक बदलतं. रेल्वेने जाणारा ८३७ किलोमीटर सांगेल. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, आणि तोही भिवंडीजवळ आमण्याला संपतो. आकाशातून मात्र सोनेगावच्या धावपट्टीपासून मुंबईच्या विमानतळापर्यंत साधारण ६८५ किलोमीटर भरतात. वैमानिक त्यांना ३७० सागरी मैल म्हणतील, कारण त्यांचा मैल १.८५२ किलोमीटरचा असतो.

आता हिशेब करू. जेट विमान उंचावर ताशी आठशेच्या पुढे जातं. म्हणजे पन्नास मिनिटांत मुंबई यायला हवी. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास वेळ छापलेली असते. वरची चाळीस मिनिटं कुठे जातात?

ती वेळ विमान हवेत उठल्यापासून मोजलेली नसते. चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि तिकडे पुन्हा ठोकळे लागले की थांबतं. चढताना वेग कमी असतो. उतरण्याची सुरुवात तर दोनशे किलोमीटर आधीच करावी लागते. नकाशावर सरळ रेघ ओढलीत तर ती जागा शिर्डीच्या जवळपास येते. पुढे मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मनमोकळी वाहतूक होत नाही. नंबर येईपर्यंत विमान घिरट्या घालतं. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, तो मुंबईला जाताना तोंडावर येतो आणि परतताना पाठीशी असतो. म्हणून येतानाची काही मिनिटं वाचतात.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. अंतर बदलत नाही, वेळ माणसं जुळवतात. आणि ही जुळवाजुळव एकेकाळी आपल्या गावात रोज रात्री व्हायची.

१९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चारही ठिकाणांहून विमानं निघायची आणि मध्यरात्री सोनेगावला भेटायची. नागपूरच का? मुंबई ६८५, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशेच्या थोडं वर, कलकत्ता हजाराच्या थोडं आत. त्या काळातलं डाकोटा विमान ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर जायचं. म्हणजे जवळच्याला अडीच तास, लांबच्याला साडेतीन-चार. रात्री निघावं, मध्यरात्री टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करावी, सकाळी पत्र दुसऱ्या टोकाला. इतकं नेमकं बसणारं दुसरं शहर देशात शोधून सापडलं नसतं.

माझे वडील टपालखात्यात सॉर्टर, म्हणजे टपालाची वर्गवारी करणारे होते. सात-आठ वर्षांचा असताना एकदा हट्ट करून मी त्यांच्यासोबत गेलो. कडाक्याची थंडी होती. बाबांनी मफलर माझ्या कानांवरून घट्ट गुंडाळला आणि मला एका हातगाडीजवळ उभं केलं. कॅनव्हासच्या थैल्या धप्पधप्प पडत होत्या. प्रत्येक थैलीच्या गळ्याशी सुतळी, सुतळीवर लाल लाखेचं सील. बाबा कंदील जवळ धरून सीलवरून अंगठा फिरवायचे, ते अखंड आहे ना हे बघायचे, मगच थैली पुढे द्यायचे. मागे इंजिनं घरघरत होती, तरी त्यांचा अंगठा एकाही सीलवर घाई करत नव्हता.

पहाटे घरी आलो तेव्हा आई चूल पेटवत होती. तिने विचारलं, ‘‘एवढा वेळ?’’ बाबा म्हणाले, ‘‘कलकत्त्याचं विमान वीस मिनिटं उशिरा आलं. तिघंही थांबले त्याच्यासाठी.’’